संगणकाचं बिऱ्हाड हलवताना

पुनर्विकास हा शब्द गोरेगावकरांना समजावून सांगावा लागत नाही. सिद्धार्थ नगर असो की मोतीलाल नगर, जुनी जागा सोडण्याचा विषय इथल्या घराघरांत निघालेला आहे. भांडीकुंडी, कपाटं, पंखे टेम्पोत चढतात. पण शिधापत्रिकेवरचा पत्ता किंवा विजेचं मीटर काही टेम्पोत घालून नेता येत नाही. ते नव्या ठिकाणी नव्यानं करून घ्यावं लागतं. जुन्या संगणकावरून नव्यावर जाताना हाच फरक लक्षात ठेवायचा आहे.

हे बिऱ्हाड हलवणं आज अनेकांवर आलं आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही. एक्सपीपासून विंडोज ८ पर्यंत सामान हलवायला एक सोय सोबत येत असे. विंडोज १० मध्ये ती काढून टाकली गेली. मॅकवर मात्र संपूर्ण खातं उचलून नेणारी सोय आजही आहे.

आता हे 'खातं' म्हणजे काय? आपण नाव आणि पासवर्ड देऊन आत जातो, ते आपलं खातं. त्याचं सामान सी ड्राइव्हवरच्या 'युजर्स' फोल्डरमध्ये आपल्या नावाखाली असतं: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, डाउनलोड्स. घरात तिघांची खाती असतील तर तीन फोल्डर. एकाचंच सामान उचललं तर बाकी दोघांचं मागे राहतं. याच फोल्डरमध्ये 'ॲपडेटा' नावाचा एक लपलेला कप्पाही असतो. काही प्रोग्रॅमची ई-मेलं आणि ब्राउझरच्या खुणा त्यात असतात.

संगणक माणसाला नावानं ओळखत नाही. प्रत्येक खात्याला तो आतून एक लांबलचक क्रमांक देतो आणि परवानग्या त्या क्रमांकावर ठरतात. नव्या यंत्रावर त्याच नावाचं खातं उघडलं, तरी त्याचा क्रमांक वेगळा असतो. म्हणून जुनी डिस्क जोडल्यावर आपलाच फोल्डर 'परवानगी नाही' म्हणतो. साध्या फायलींचा ताबा प्रशासक खात्यातून घेता येतो. पण विंडोजच्या सोयीनं कुलूपबंद केलेल्या फायलींची किल्ली जुन्या खात्याजवळच असते. ती आधी काढून घेतली नाही, तर फायली असून नसल्यासारख्या. बहुतेक ब्राउझरांनी साठवलेल्या पासवर्डांचंही तसंच. फोल्डर नेला म्हणून ते उघडत नाहीत. ब्राउझरमधूनच ते बाहेर काढावे लागतात, आणि काम झालं की ती फाइल पुसून टाकावी, कारण ती कोणालाही वाचता येते.

आता खास मराठी माणसाची अडचण. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरीही पुढे कित्येक वर्षं आपलं मराठी टंकलेखन श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाँटमध्ये होत राहिलं. या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फाँट असेल तोवर मराठी दिसतं. नसेल तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा! आणि फाँट बहुधा आपल्या खात्याच्या फोल्डरमध्ये नसतात. त्यांचं घर वेगळं, विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. म्हणून सगळं सामान नीट हलवूनही सोसायटीची इतिवृत्तं, आजोबांच्या आठवणी, भजनी मंडळाची वही, सारं नव्या यंत्रावर मुकं होतं. काही सॉफ्टवेअरला तर हार्डवेअर लॉक लागत असे. ते हरवलं की सॉफ्टवेअरच उघडत नाही.

यावर उपाय आहे, पण तो जुनं यंत्र चालू असतानाच करायचा. अशा प्रत्येक फाइलची पीडीएफ काढून ठेवावी. त्यात फाँट बरोबर येतो, निदान वाचता तरी येतं. मग मजकूर परिवर्तकानं युनिकोडमध्ये आणावा आणि पीडीएफशी ताडून वाचावा. रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात.

दुकानदारांनी टॅलीचा डेटा कुठे आहे ते पाहावं. तो बहुतेकदा खात्याच्या बाहेर असतो. डी ड्राइव्हही तपासावा. आणि प्रोग्रॅम कॉपी करून चालत नाहीत, ते नव्यानंच बसवावे लागतात.

सामान नेताना एक प्रत नव्या यंत्रावर आणि एक वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी. ती डिस्क शक्यतो दुसऱ्या घरी, वरच्या मजल्यावर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. उपनगरांतल्या तळमजल्यांवरची गत त्या वेळी काय झाली, हे वेगळं सांगायला नको.

शेवटची सूचना. नवं यंत्र आलं म्हणून जुनं लगेच भंगारात देऊ नका. महिनाभर राहू द्या. नव्यावर रोजची कामं करा, प्रत्येकाच्या खात्यातल्या चार फायली उघडा, त्यांत एक जुनी मराठी फाइल जरूर असू द्या. ती नीट वाचता आली, तरच जुन्या यंत्रावरचं सारं पुसून त्याला निरोप द्या.