फुलणारी घाणेरी आणि कुजवणारी बुरशी



पाड्यांवर पाहुणे घेऊन जातो तेव्हा वाटेवरच्या झुडपाची पिवळी-गुलाबी फुले पाहून ते खूश होतात आणि पडलेल्या ओंडक्यावरची बुरशी पाहून नाक मुरडतात. जंगलाचा हिशेब मात्र नेमका उलटा आहे.

ते झुडूप म्हणजे घाणेरी, कुठे कुठे टणटणी. मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस इंग्रजांच्या काळात ती शोभेसाठी इथल्या बागांत आली. बुलबुलासारख्या पक्ष्यांनी तिची काळी फळे खाऊन बी रानोमाळ नेले. तिची दाट जाळी झाली की खाली गवत वाढत नाही, झाडांची रोपे तग धरत नाहीत. गुरांनी पाने खाल्ली तर त्यांना कावीळ होते, उन्हाने कातडी सोलवटते. चारा गेला, वाटा बंद झाल्या की त्याचा पहिला फटका पाड्यालाच बसतो.

आता बुरशी. तिला हिरवी पाने नाहीत, त्यामुळे उन्हातून अन्न तयार करता येत नाही. ओंडक्यावर पंख्यासारखे दिसते ते जणू तिचे फळ. खरी बुरशी बारीक तंतूंनी लाकडाच्या आत पसरलेली असते. लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन पचवणे फार थोड्या जिवांना जमते, त्यांत ही आघाडीवर. तिने लाकूड मऊ केले की किडे येतात आणि झाडात अडकलेला कस मातीत परततो. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. गाभा कुजून पोकळ झालेल्या झाडातच त्याचा संसार थाटतो. काही बुरशी जिवंत झाडेही पोखरतात, हे खरे. पण मेलेल्या लाकडाची माती करणारी तीच.

म्हणून श्रमदानाला जाल तेव्हा कुजके ओंडके जाळू नका, घाणेरी काढा. नुसती वरून छाटली तर बुंध्यातून पुन्हा फुटते. जमिनीखाली मूळ तोडून, फळे धरण्याआधी उपटावी. वाळलेल्या काटक्या सरपणाला चालतात. कर्नाटकातील मलै महादेश्वर डोंगरातले सोलिग आदिवासी तर या काटक्या उकळून, साल सोलून खुर्च्या-टोपल्या बनवतात आणि त्यातून चार पैसे मिळवतात. आपल्या पाड्यांवरही हे शिकवता येईल.