आलेली हवा जाते कुठून?

होळी झाली की नागपुरात कूलर माळ्यावरून खाली उतरतात. लोखंडी टाकीला रंगाचा हात, वूडवूलच्या नव्या ताट्या, पंपाची किरकोळ दुरुस्ती, आणि मग खिडकीबाहेरच्या घडवंचीवर पावसाळ्यापर्यंत मुक्काम. पुण्या-मुंबईचे पाहुणे या खोक्याला हसतात, पण मे महिन्यातल्या विदर्भासाठी याहून शहाणे यंत्र मला तरी माहीत नाही. पारा 45 अंशांवर असतो तेव्हा तिथल्या हवेतली आर्द्रता बऱ्याचदा 15-20 टक्क्यांवर आलेली असते. अशा कोरड्या हवेत पाणी भराभर उडते आणि एका लिटरची वाफ होताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता ओढून घेते. त्यामुळे ओल्या ताटीतून आत येणारी हवा 28-30 अंशांपर्यंत उतरू शकते, तीही साधारण दीड-दोनशे वॉट विजेत. हाच कूलर मुंबईत लावला तर 34 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रतेला हवा जेमतेम चार-पाच अंशांनी उतरते. वर अंगाचा चिकचिकाट वाढतो तो वेगळाच.

मात्र कूलरची एक अट आहे. त्याने आत ढकललेल्या हवेला समोरून बाहेर पडायला जागा हवी. गारवा निघून जाईल या भीतीने दारे-खिडक्या लावून घेतल्या की तासाभरात खोली दमट होते. दमट हवेत ना ताटीवरचे पाणी उडते ना अंगावरचा घाम, आणि खापर मात्र कूलरवर फुटते. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवली की खोलीतली हवा तासात अनेकदा बदलते. म्हणजे कूलरच्या घरात ताजी हवा आपोआप येते. त्याचा खरा दोष टाकीत असतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची अंडी टाकीच्या कडेला चिकटून, पाणी आटल्यावरही महिनोन्महिने तग धरतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, ब्रशने घासावी लागते. आणि टाकीला हात लावण्याआधी प्लग काढायचा. पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे दगावतात.

यंत्र कोणते घ्यायचे यावर आपल्याकडे घरोघरी चर्चा झडतात. उष्णता घरात शिरते कुठून, हा प्रश्न मागे राहतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी उत्तर सरळ आहे: छतातून. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. उन्हाचा सगळा मारा भिंतींपेक्षा गच्चीवर होतो आणि उघडा, करडा स्लॅब साठ अंशांपर्यंत तापू शकतो. दिवसभर प्यायलेली ही उष्णता तो रात्री खाली सोडतो. म्हणून बाहेर झुळूक सुरू झाली तरी दहा वाजता पंखा गरम हवाच फेकत असतो. यावरचा सर्वांत स्वस्त इलाज पांढरा रंग. चुना चालतो, ऊन परावर्तित करणारा तयार रंग अधिक टिकतो, आणि वॉटरप्रूफिंगचे काम निघालेच असेल तर वरून पांढरा चायना मोझॅक घालून घ्यावा. मात्र धूळ बसली की पांढरेपणाचा उपयोग कमी होतो, तेव्हा मार्चमध्ये गच्ची धुणे आलेच. 2010च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने 2013 साली उष्णता कृती आराखडा केला, पुढे वस्त्यांमधली छतेही पांढरी केली. शेजारच्या तेलंगणाने 2023 साली थंड छतांसाठी वेगळे धोरणच आणले. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत गच्चीचा विषय निघतो तो गळतीपुरता.

छतानंतर पश्चिमेची खिडकी. दुपारनंतर सूर्य खाली उतरतो, तेव्हा छज्जा कामाचा राहत नाही. जाड पडदाही फारसा उपयोगी नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आलेले असते आणि तापलेला पडदा ती उष्णता खोलीतच सोडतो. बांबूची चटई किंवा वाळ्याचा पडदा काचेच्या बाहेर टांगला तर ऊन बाहेरच अडते. जुन्या घरांत तो बाहेर असायचा, तो काही उगाच नाही.

एवढे झाल्यावर एसी. नव्या एसीचे तापमान 2020पासून सुरुवातीलाच 24 अंशांवर लावलेले येते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने त्यावरच्या प्रत्येक अंशाला सुमारे सहा टक्के वीज वाचते. 27 अंश ठेवून छताचा पंखा मंद लावला तर बहुतेकांना पुरते. अठरावर लावल्याने खोली लवकर गार होते हा गैरसमज आहे. यंत्र फक्त जास्त वेळ राबते. जाळी दर पंधरवड्याला नळाखाली धुवावी. आणि दरवर्षी ‘गॅस कमी झालाय’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला गळती कुठे आहे ते विचारावे. तो गॅस बंद नळीत फिरत राहतो, वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता पुन्हा भरणे म्हणजे पैसे हवेत सोडणे.

घरगुती स्प्लिट एसी बहुतेक वेळा बाहेरची हवा आत घेतच नाही. खोलीतलीच हवा तो पुन्हा पुन्हा गार करतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे 420 भाग असतो. दहा बाय बाराच्या बंद खोलीत दोघे झोपले तर पहाटेपर्यंत तो दोन हजारांच्या पुढे सहज जातो. सकाळचे जड डोके पुष्कळदा यातूनच येते. त्यावर एअर प्युरिफायर उपयोगाचा नाही. तो धूळ आणि धुराचे कण अडवतो, हा वायू नाही. खिडकीची बोटभर फट वीजबिल थोडे वाढवते, आणि ते वाढू द्यावे.

त्याच बंद खोलीत डासांची कॉइल लावली तर? 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असे आढळले. डासांसाठी मच्छरदाणी बरी. अगरबत्ती आणि धूप यांचेही कण तसेच छातीत उतरतात. पूजा झाल्यावर खिडकी उघडायला कुठल्याही देवाची हरकत नसावी. स्वयंपाकघरात भजी तळताना एक्झॉस्ट लावतात आणि धूर पसरू नये म्हणून दार-खिडकी घट्ट बंद करतात. मग पंख्याने बाहेर फेकायला हवा आणायची कुठून? तळण सुरू करण्याआधी तो लावावा, गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे चालू ठेवावा आणि आत हवा यायला एक फट ठेवावी. चिमणी घेताना धुराचा पाइप भिंतीबाहेर जातो की नाही ते पाहावे. पाइपाविना चिमणी तेलकटपणा अडवते, पण ज्वाळेतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड बराचसा घरातच ठेवते.

महाराष्ट्रात घर तापवायची वेळ फारशी येत नाही, पाणी मात्र तापवावे लागते. गॅस गीझर मिनिटाभरात गरम पाणी देतो, कारण तो शेगडीपेक्षा कितीतरी जास्त गॅस जाळतो आणि त्यासाठी तितकीच हवा ओढतो. थंडीत गार वारा नको म्हणून बाथरूमची झडप लावली की छोट्याशा जागेतला प्राणवायू घटतो, ज्वाळा अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. चक्कर आल्याचे कळेपर्यंत कडी काढायचीही ताकद राहत नाही. असा गीझर आज बाथरूममध्ये असेल तर प्लंबरला बोलावून तो बाहेर, मोकळ्या हवेत, ड्राय बाल्कनीत हलवून घ्यावा. तोवर पाणी बादलीत भरून घ्यावे, गीझर बंद करावा आणि मगच आंघोळीला जावे.