स्लोचा स्क्रू

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीची २० वर्षांची मुदत भरली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून उतरल्या. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. पुण्यात, कोल्हापुरात, पणजीत त्या आडोशाला झाकून ठेवलेल्या असतात आणि सुट्टीच्या दिवशी हौसेने बाहेर निघतात. त्यांच्या मालकांची तक्रार बहुधा एकच असते: गाडी पळते झकास, पण सिग्नलला थांबली की बंद पडते. त्यावरचा उपायही ठरलेला. ‘जरा स्लो वाढवून द्या.’ गॅरेजमधला मुलगा बॉनेट उघडतो, एक स्क्रू अर्धा फेरा आवळतो, इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी सुरू राहते. मालक समाधानाने घरी जातो. हा उपाय मला मान्य नाही. त्या अर्ध्या फेऱ्याने दुखणे फक्त झाकले जाते.

पद्मिनी मूळची इटलीची. फियाट ११०० डी ही गाडी १९६४पासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनू लागली. ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभी केली होती. पद्मिनी हे नाव १९७४चे, पण इंजिन तेच राहिले: १०८९ सीसी, चार सिलिंडर, सुमारे ४० अश्वशक्ती आणि या सगळ्याला पेट्रोल पुरवणारा एकच सोलेक्स कार्बोरेटर.

एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आजच्या गाडीत हा हिशेब संगणक करतो. कार्बोरेटरमध्ये तो हवेच्या वाटेचा आकार करतो. वाट मध्येच अरुंद केली की खिंडीतल्या वाऱ्यासारखी हवा तिथे वेग घेते आणि तिचा दाब उतरतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरी यांनी अरुंद वाटेतल्या प्रवाहाचा हा गुण १७९७ साली मांडला. त्या कमी दाबामुळे फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल मेन जेटमधून वर येते आणि त्याचे तुषार होतात.

गाडी उभी असताना मात्र हे गणित चालत नाही. पायाखालचे पेडल सुटले की थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद होते, हवा मंदावते आणि मेन जेट थेंबभरही देत नाही. त्याच वेळी चकतीच्या खालच्या बाजूला पिस्टन जोराने ओढत असतात. निरोगी इंजिनात, समुद्रसपाटीला, ही ओढ पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांइतकी भरते. सोलेक्सने तिचाच उपयोग केला आहे. स्लो जेटमधून निघालेले पेट्रोल थोडी हवा घेऊन एका बारीक वाटेने चकतीच्या खाली उतरते, आणि त्या वाटेच्या तोंडाशी टोकदार पितळी स्क्रू असतो. म्हणजे स्क्रू दोन आहेत. एक थ्रॉटलच्या दांडीवरचा, जो चकती किती मिटू द्यायची ते ठरवतो. दुसरा हा खालचा मिश्रणाचा, जो सोडला की पेट्रोल वाढते आणि आवळला की कमी होते.

गॅरेजमध्ये आवळला जातो तो पहिला. चकती प्रमाणाबाहेर उघडी राहिली की तिच्या कडेजवळची, खरे तर वेग घेतानाच्या पहिल्या क्षणासाठी ठेवलेली छिद्रे उघडी पडतात आणि इंजिन उभ्या उभ्या त्यांतून पेट्रोल ओढू लागते. मग मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिन फारशी दाद देत नाही. इंजिन तापते, चावी काढल्यावरही गचके देत राहते, आणि दोष कार्बोरेटरच्या माथी बसतो.

माझे सांगणे एवढेच आहे की स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावावा. आधी टॅपेट, प्लग, पॉइंट आणि टायमिंग पाहावे. त्यानंतर इंजिन कुठून चोरून हवा घेते आहे का ते शोधावे, कारण जुन्या गाडीत निम्मे रहस्य तिथेच असते. कार्बोरेटरच्या बुडाचे गॅस्केट कडक होऊन चिरते. थ्रॉटलची दांडी वर्षानुवर्षे फिरून तिचे भोक लंबगोल होते. दांडी बोटांत धरून हलवली की खेळ लगेच कळतो. सांध्यांपाशी थोडे ऑइल सोडले आणि आवाज बदलला, की हवा तिथूनच जाते आहे. या तपासणीसाठी पेट्रोल शिंपडणारे मी पाहिले आहेत. तापलेल्या मॅनिफोल्डशेजारी असले धाडस कुणी करू नये.

एवढे निस्तरल्यावर इंजिन चांगले तापवावे, चोकची खुंटी पूर्ण आत दाबावी, एअर फिल्टर जागेवर ठेवावा. सुरुवात म्हणून मिश्रणाचा स्क्रू अलगद टेकवून दीड फेरा मागे घ्यावा. अलगद हा शब्द महत्त्वाचा, कारण जोर लावला तर पितळी टोकावर कायमची खाच पडते आणि तो स्क्रू निकामी होतो. दांडीवरच्या स्क्रूने मिनिटाला ८००च्या आसपास फेरे ठेवावेत. मग मिश्रणाचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवून दर वेळी थांबावे, कारण इंजिनाला बदल अंगवळणी पडायला काही सेकंद लागतात. फार सोडला की इंजिन जड होऊन डुलते आणि धुराला पेट्रोलचा वास येतो. फार आवळला की सायलेन्सरमधून फट् फट् करत मिसिंग ऐकू येते. या दोहोंमध्ये इंजिन सर्वांत वेगाने आणि सर्वांत सलग चालते, ती जागा पकडायची. तिथे फेरे वाढलेले दिसतील. ते पहिल्या स्क्रूने उतरवून पुन्हा दुसऱ्याकडे यायचे.

८०० फेऱ्यांना चार सिलिंडरांत मिनिटाला १,६०० ठिणग्या पडतात, सेकंदाला जवळजवळ २७. त्या कुणी मोजू शकत नाही, तरी त्यातली एक चुकली की जाणत्या मिस्त्रीला ती कळते. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून धुराचा झोत सारखा येतो का ते पाहणारे उस्ताद मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. तरीही व्हॅक्यूम गेज वापरावेच. त्याचा काटा स्थिर आहे की थरथरतो, हे नवशिक्यालाही दिसते.

मोटरसायकलवर शिकलेल्या हाताने इथे सावध राहावे. तिथल्या अनेक कार्बोरेटरांत स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असतो आणि तो हवेचा असतो, म्हणजे सोडला की मिश्रण पातळ होते. इंजिनाच्या बाजूला असलेला स्क्रू सोडला की ते घट्ट होते.

पीयूसीच्या आदल्या दिवशी स्क्रू आवळून घेणारेही भेटतात. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमपर्यंत चालतो. आवळल्याने पहिला आकडा उतरतो खरा, पण अति झाले की मिसिंग सुरू होते, न जळलेले पेट्रोल बाहेर पडते आणि दुसरा आकडा वर जातो.

महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, हवा साधारण १२ टक्के विरळ असते. कार्बोरेटरला ते उमगत नाही, त्यामुळे मिश्रण सहाएक टक्क्यांनी घट्ट होते. मुंबईत १८ इंच दाखवणारे गेज तिथे १४च्या आसपास दाखवते. इंजिनात काहीही बिघडलेले नसते. तिथे स्क्रू फिरवून मग आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलात, तर खाली तीच गाडी उपाशी चालेल.

सध्याची अडचण मात्र इंधनाची आहे. पेट्रोलमधले इथेनॉल देशभरात २०२२ साली सरासरी १० टक्क्यांवर आणि २०२५ साली २०वर पोचले. इथेनॉलला जळायला किलोमागे ९ किलोच हवा लागते, त्यामुळे या मिश्र इंधनाचे प्रमाण १४.७वरून सुमारे १३.५वर येते. जेटची छिद्रे तेवढीच असल्याने मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडते. पूर्वी नीट लावलेली गाडी आता आयडलवर अडखळते ती यामुळे. मिश्रणाचा स्क्रू थोडा सोडून उभी गाडी सावरते, पण चालत्या गाडीचे पेट्रोल मेन जेटमधून येते आणि या स्क्रूचा त्याच्याशी संबंध नाही. तिथे एक-दोन माप मोठा जेट बसवावा लागतो आणि प्लगचा रंग पाहत ते माप ठरवावे लागते. इथेनॉल पाणी ओढून घेते, जुन्या टाकीतला गाळ सोडवते, पंपाचा डायाफ्राम आणि रबरी नळ्या खराब करते. तो गाळ सर्वांत आधी अडकतो स्लो जेटच्या बारीक छिद्रात. ते तारेने टोकरू नये, कारण छिद्र मोठे झाले की माप गेले. दाबाची हवा मारावी. आधी नळ्या, डायाफ्राम आणि फिल्टर बदलावेत, मग जेट साफ करावेत, आणि त्यानंतर स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यावा.