राणीछाप रुपया: चकाकी, साल आणि खरी किंमत

मराठी घरांत जुने चांदीचे रुपये बहुधा तिजोरीत असतात आणि वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला, बाहेर निघतात. ताटात मांडण्याआधी त्यांना चिंच, टूथपेस्ट नाहीतर भांडी घासायची पावडर लावून लखलखीत केलं जातं. पूजेपुरतं त्यात काही वावगं नाही. पण नाणं संग्राहकाला दाखवायचं असेल, तर घासूनपुसून चांगली किंमत येते हा समज सगळ्यात महाग पडतो.

टाकसाळीत ठशांचा दाब पडतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. न वापरलेलं नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं की प्रकाशाचा पट्टा गोल फिरतो, तो या रेषांमुळे. बाजारात यालाच लस्टर म्हणतात. पावडरीनं घासलं की आधी नाहीशा होतात त्या याच रेषा. नाणं चमकतं खरं, पण ती चमक स्टीलच्या ताटाची असते, आणि जाणकार ती हातात घेताक्षणी ओळखतो. उलट काळपट निळसर थर म्हणजे चांदीचा हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी सावकाश झालेला संयोग. तो एकसारखा आणि सुंदर असेल तर काही जण त्यासाठी जास्त पैसेही मोजतात. नाण्याला जपायचंच असेल, तर स्वस्त पीव्हीसीच्या पाकिटांतून काढा. त्यांतून सुटणाऱ्या रसायनानं नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो.

‘दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, म्हणजे दुर्मीळच!’ हेही नेहमी ऐकू येतं. दोन हजार वर्षांहून जुनी, ठसे मारलेली चांदीची आहत नाणी आजही मध्यमवर्गीय संग्राहकाच्या आवाक्यात मिळतात, कारण त्यांचे साठेच्या साठे जमिनीत सापडले. याउलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया शंभरीलाही पोहोचलेला नाही, तरी तो ब्रिटिशकालीन रुपयांतला अतिदुर्मीळ मानला जातो. म्हणून त्याच्या नकलाही भरपूर आहेत. कुणी तो सहज देऊ केला तर आधी शंका घ्यावी, आनंद नंतर.

साल वाचण्यातही एक गंमत आहे. व्हिक्टोरियाचा १८६२ सालचा रुपया घराघरांत सापडतो, कारण तो एका वर्षाचा नाहीच. नाण्यावरचं १८६२ हे साल १८७४ पर्यंत तसंच ठेवलं गेलं. त्याआधी १८३५ आणि १८४० ही सालंही अशीच वर्षानुवर्षं चालली होती. जुन्या सालाच्या नाण्यावर सराफ बट्टा कापत, म्हणून साल गोठवायची ही रीत कंपनीच्या काळापासूनची. मुंबईच्या टाकसाळीनं मात्र १८६२ च्या नाण्यांवर बारीक ठिपके टाकून प्रत्यक्ष वर्षाची खूण ठेवली. त्यामुळे भिंगाखाली हे ठिपके मोजणं हा संग्राहकांचा आवडता उद्योग झाला आहे. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन रुपयांच्या भावात मोठा फरक पडू शकतो, तो इथेच.

पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची कथा तर सगळ्यांना ठाऊक असते. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं. नाणं मागणीतलं आहे, यात वाद नाही. पण ते लाखोंच्या संख्येनं पाडलेलं होतं. गोष्ट चांगली असली की लोक नाण्याबरोबर गोष्टीचेही पैसे मोजतात.

‘चांदीची किंमत तरी कुठे जात नाही’ हे खरं, पण चांदी किती, ते पाहा. १८३५ पासून प्रमाणित रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोब्बर एक तोळा. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, वजन तेच ठेवून चांदी निम्म्यावर आणली आणि कडेवरच्या दातऱ्यांमधून एक खाच काढली. १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदी नावालाही नाही. लोहचुंबकाची परीक्षाही फसवी. चांदी चुंबकाला चिकटत नाही, तसं तांबं आणि शिसंही चिकटत नाही. त्यापेक्षा नाणं अचूक काट्यावर तोला, कड नीट पाहा.

माळेत ओवलेल्या रुपयांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. डाग देऊन कडी बसवलेलं किंवा भोक पाडलेलं नाणं संग्राहकाच्या लेखी दागिना आहे. कडी काढून घेतली तरी डागाची खूण उरते.

प्रत म्हणजे ग्रेड ठरते ती झिजेवरून. मुकुटावरचे मणी, कानाजवळचे केस, वस्त्रावरची नक्षी असे उंच भाग आधी गुळगुळीत होतात. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकन सेंटसाठी १ ते ७० गुणांची श्रेणी मांडली, तीच आज जगभर चालते. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी कंपन्या नाणं तपासून प्लास्टिकच्या बंद डबीत गुणांसह परत देतात. घासलेल्या नाण्याला गुण मिळत नाहीत, नुसता ‘डिटेल्स’ शेरा मिळतो. सर्वसाधारण झिजलेल्या रुपयाला मात्र तपासणीचा खर्च नाण्यापेक्षा जास्त होतो, तेव्हा त्या फंदात पडू नये.

रामदरबाराचं चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ अशी अक्षरं असलेलं नाणं कंपनीनं कधी पाडलंच नाही. जत्रेत विकला जाणारा तो बिल्ला आहे. त्याला लाखो रुपये देणारा कुणी ‘रिझर्व्ह बँकेचं शुल्क’ आधी मागत असेल, तर फोन ठेवा. बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये अशा व्यवहारांशी आपला संबंध नसल्याचं जाहीर केलं आहे.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. परदेशातल्या मुलाकडे जाताना ते सहज पिशवीत टाकून नेता येत नाही. आणि घराचा पाया खणताना हंडा लागलाच, तर १८७८ चा कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.