सायलेन्सर घेण्याआधी गाडीखाली जा

सायलेन्सर मागायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “कंपनीचा देऊ की लोकल?” साताऱ्यात माझे दोन ट्रक आहेत, एक बीएस-४ आणि एक बीएस-६. त्या अनुभवावरून सांगते, याचं उत्तर देण्याआधी मिस्त्रीबरोबर स्वतः गाडीखाली जा. पुष्कळदा सायलेन्सर शाबूत असतो. तडकलेला असतो तो पुढचा फ्लेक्झिबल पाईप, नाहीतर गॅस्केट जळालेलं असतं. जोडापाशी काजळीचा काळा पट्टा दिसला की गळती तिथंच. तेवढाच भाग बदला. फ्लेक्झिबल वरचेवर तडकत असेल, तर इंजिनाचे फाउंडेशन रबर बघा. ते बसले की इंजिनाचा सगळा हिसका पाईपावर येतो आणि नवा पाईपही टिकत नाही.

सायलेन्सर सडतो तो मात्र बऱ्याचदा आतून. डिझेल जळताना पाण्याची वाफही तयार होते. लांब पल्ल्याच्या गाडीचा सायलेन्सर चांगला तापतो, वाफ निघून जाते. गावातल्या गावात विटा-खडी टाकणाऱ्या गाडीत तिचं पाणी होऊन तळाशी साचतं. अशा गाडीला साधा लोखंडी पत्रा घेऊ नका. ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला किंवा स्टेनलेसचा महाग वाटला तरी परवडतो. चुंबक चिकटलं म्हणजे स्टेनलेस नाही, असं समजू नका. सायलेन्सरला सर्रास वापरतात ते ४०९ जातीचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच. त्यापेक्षा जुना आणि नवा काट्यावर ठेवा. गंजून झिजलेल्या जुन्यापेक्षाही नवा हलका भरला, तर पत्रा पातळ आहे किंवा आतले पडदे कमी आहेत.

मी पुण्याच्या नाना पेठेत भाव काढते, पण फ्लँजची भोकं आणि ब्रॅकेट जुन्याशी ताडल्याशिवाय पैसे देत नाही. दुकानात वाचलेले पैसे वेल्डिंगवर गेले, तर त्या स्वस्ताईचा काय उपयोग?

बीएस-६ ची गोष्ट वेगळी. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या या गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि नायट्रोजनचे विषारी वायू युरियाने निवळवणारी यंत्रणा असते. आत प्लॅटिनमसारखे मौल्यवान धातू असल्याने हा संच महाग असतो, म्हणूनच ‘आतलं सगळं काढून देतो, युरियाचा खर्च वाचेल’ असं सांगणारे भेटतात. त्यांना दारात उभं करू नका. मूळ यंत्रणेत बिघाड दिसला की गाडीचा संगणक इंजिनाची ताकद कमी करतो. भरलेली गाडी खंबाटकी घाट कशी चढणार? त्यांनी संगणकालाही फसवलं, तरी मोटार वाहन कायद्याचं कलम १९० आहेच: पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि तीन महिने ड्रायव्हिंग लायसन्ससाठी अपात्र. शिवाय तो धूर ढाब्यावर, टोलनाक्यावर आपलेच ड्रायव्हर श्वासात घेतात. मला पैशांपेक्षा हे जास्त लागतं.

भंगारातला बीएस-६ संचही नको. आतली जाळी फुटलेली किंवा राखेनं भरलेली असू शकते, आणि माल चोरीचा निघाला तर पोलिसांच्या फेऱ्या वेगळ्या.

भाव ठरला की जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. दुकानदार नाही म्हणाला, तर पुढच्या दुकानात जा.