पित्तनलिकेतला खडा आणि तोंडातून जाणारी दुर्बीण

डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज. सोनोग्राफीत पित्तनलिकेत खडा दिसतो आणि डॉक्टर म्हणतात, ‘ईआरसीपी करू.’ म्हणजे पोट फाडायचं नसतं, तोंडातून दुर्बीण घालायची असते. ६ ते ८ तास उपाशी ठेवून, गुंगीचं औषध देऊन बहुधा पालथं झोपवतात. दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीला पोहोचते. तिथे नलिकेचं तोंड म्हणजे जेमतेम डाळीएवढा उंचवटा! सगळं कसब तिथेच. आत औषध सोडून एक्स-रे बघतात, तोंड किंचित कापून खडा फुग्याने ओढतात. तोंड कापायची ही युक्ती १९७४ मध्ये जपानी आणि जर्मन डॉक्टरांनी जगापुढे मांडली.

नंतर घसा खवखवतो, पोट फुगतं, ते चालायचंच. पण पाठीत जाणारी कळ, ताप किंवा काळी शौच झाली तर तडक दवाखाना गाठा. स्वादुपिंडाला सूज किंवा रक्तस्राव असू शकतो. नलिकेत प्लास्टिकचा स्टेंट (बारीक नळी) बसवला असेल, तर तो काढायची तारीख फाइलवर ठळक लिहून घ्या. बरं वाटलं की माणसं हमखास विसरतात.