बाटलीतला साका

कोपरीची वस्ती मीठबंदराच्या बाजूला संपते, तिथे तिवरं आणि चिखल सुरू होतो. पलीकडे ठाण्याची खाडी. तिच्याबद्दल बोलणं पुष्कळ होतं: वास, प्लास्टिक, हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी. २०१५ मध्ये खाडीच्या एका भागाला रोहित पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं. पण ही खाडी मोजतात कशी, हे सहसा कोणी विचारत नाही. उत्तर फार महागड्या यंत्रांत नाही. ते बऱ्याच अंशी बाटली, चाळणी आणि पंचांगात आहे.

पंचांगाचं आधी. चेंदणी कोळीवाड्यातली जाणती माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की तास मिळतात: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्णपक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा. खाडीच्या टोकाशी, म्हणजे ठाण्यात, पाणी जरा उशिरा चढतं. जीवशास्त्रज्ञालाही पहिली नोंद हीच करावी लागते. भरतीला काठाशी समुद्राचं खारं पाणी असतं, ओहोटीला त्याच जागी नाल्यांतून आलेलं. वेळ न लिहिलेला आकडा कितीही अचूक असला तरी फेकून द्यावा, असं माझं मत आहे.

मग येते बाटली. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची रीत लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये दिली, आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ती आजही चालते. काचेच्या बुचाची ३०० मिलिलिटरची बाटली घ्यायची. नळी तळाशी नेऊन पाणी भरायचं, थोडं वाहू द्यायचं. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी बाहेरचा प्राणवायू हिशेबात शिरतो. लगेच काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. प्राणवायू जितका भरपूर, रंग तितका गडद. आम्ल घातलं की साका विरघळून पिवळं आयोडीन सुटतं. ब्युरेटमधून थायोसल्फेटचे थेंब सोडत रंग फिका झाला की स्टार्च घालायचा. पाणी निळं होतं. पुढचा एखादा थेंब निळेपणा पुसून टाकतो. तिथे ब्युरेट थांबवायचा आणि आकडा लिहायचा.

तीस अंशांच्या स्वच्छ गोड्या पाण्यात लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. सांडपाण्याच्या तोंडाशी कधी साका पांढराच राहतो. म्हणजे प्राणवायू नाहीच. गणित करायची गरज उरत नाही. सांडपाण्यात नायट्राइट असतं, ते आकडा खोटाच फुगवतं. म्हणून आयोडाइडच्या द्रावणात ॲझाइड मिसळावं लागतं.

याच बाटल्या अंधारात ठेवून जिवाणूंनी किती प्राणवायू खाल्ला ते पाहतात, तीच बीओडी. अंधार अशासाठी, की शेवाळाने उजेडात नवा प्राणवायू तयार करू नये. जुन्या पुस्तकांत २० अंशांना पाच दिवस असा नियम आहे. त्याचं मूळ विलायतेतल्या सांडपाणी आयोगाच्या शिफारशीत. तिथल्या नद्या पाच दिवसांत समुद्राला मिळतात, असं कारण सांगितलं जातं. भारतीय मानकाने आपल्या हवामानाचा विचार करून २७ अंश आणि तीन दिवस ठरवले. म्हणून बीओडीचे आकडे शेजारीशेजारी ठेवण्याआधी कुठल्या तापमानाला आणि किती दिवसांचे, हे बघावं. वर्तमानपत्री बातम्यांत ते क्वचितच असतं.

चाळणीचंही असंच. चिखल उपसून सहसा अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीवर धुतात. वर राहिले ते मोजायचे प्राणी. खालून निसटलेले सूक्ष्म जीव त्या यादीत येत नाहीत, ते असले तरी. जवळ्यासाठीचं जाळं आणि मोठ्या माशांसाठीचं जाळं वेगळं का, हे कोळणीला वेगळं शिकवावं लागत नाही.

चिखलात राहणाऱ्या किड्यांना मात्र खास मान आहे. चेंदणी बंदर रोडवरच्या बांदोडकर विज्ञान महाविद्यालयाचे आठल्ये आणि त्यांचे सहकारी गोखले यांनी याच खाडीतल्या लायकॅस्टिस नावाच्या किड्यातले जड धातू तपासून १९९१ मध्ये ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’मध्ये निबंध छापला. पाण्यातला धातू दर भरतीला बदलतो, किड्याच्या अंगात तो साठत जातो. अशा मोजणीत किडा वाळवून, नायट्रिक आम्लात विरघळवून द्रावण यंत्राला देतात. पण त्याआधी त्याला स्वच्छ खाऱ्या पाण्यात काही काळ उपाशी ठेवण्याची पद्धत आहे. पोटात चिखल भरलेला असतो. तो बाहेर पडला नाही, तर यंत्र दाखवतं तो धातू किड्याचा की खाडीच्या तळाचा, हे सांगता येत नाही.